शिवण-स्वयंपाक शिकवणाऱ्या मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांना तडजोडवादी म्हणावे का?

मूळ लेख
गोऱ्या देणगीदारांना खूश ठेवण्यासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षिका मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांनी कृष्णवर्णीय मुलींना स्वयंपाक आणि शिवण शिकवले, असा आरोप अलीकडे एका चर्चेत ऐकला. मला तो अन्यायाचा वाटतो. १८७५ साली दक्षिण कॅरोलायनात मेयसव्हिलजवळ जन्मलेल्या बेथ्यून यांचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले होते आणि सतरा भावंडांत त्या पंधराव्या. लहानपणी आईबरोबर एका गोऱ्या कुटुंबाच्या घरी गेल्या असता त्यांनी तिथले पुस्तक उचलले, तेव्हा घरातल्या मुलीने, तुला वाचता येत नाही, ते खाली ठेव, असे सुनावले. ही आठवण त्या पुढे मोठेपणीही सांगत. १९०४ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडातील डेटोना येथे, गाठीशी दीड डॉलर असताना, पाच मुली आणि स्वतःचा मुलगा यांना घेऊन त्यांनी शाळा काढली. जळक्या काटक्या पेन्सिलींच्या जागी आल्या आणि एल्डरबेरीच्या रसाची शाई झाली. पुढे शाळेसाठी घेतलेली जागा म्हणजे गावाचा उकिरडा होता, आणि पैसा उभा करण्यासाठी त्या रताळ्याचे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ विकत. जिने असे दिवस काढले, तिने मुलींना हाताचे काम शिकवले म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

प्रतिसाद १
कष्टांविषयी वाद नाही. माझा आक्षेप अभ्यासक्रमाविषयी आहे. शाळेच्या नावात साहित्याबरोबर औद्योगिक प्रशिक्षणही होते, आणि साबणाचे कारखानदार जेम्स गॅम्बल यांच्यासारख्या श्रीमंतांचे हात सैल सुटले, त्यात या दुसऱ्या शब्दाचा वाटा मोठा होता, असे मला वाटते, कारण शिवणारी, रांधणारी कृष्णवर्णीय मुलगी कोणालाच भीतिदायक वाटत नव्हती. त्याच काळात वॉशिंग्टनच्या एम स्ट्रीट हायस्कूल या कृष्णवर्णीयांच्या शाळेत मुख्याध्यापिका ॲना जूलिया कूपर आपल्या विद्यार्थ्यांना हार्वर्डसारख्या विद्यापीठांसाठी तयार करत होत्या. १९०६ मध्ये त्यांचे पद गेले, तरी त्या वाकल्या नाहीत.

प्रतिसाद २ (मूळ लेखिका)
कूपर यांच्याविषयी मलाही नितांत आदर आहे, पण त्यांची शाळा सरकारी होती. तिथे शिक्षकांच्या पगाराची चिंता मुख्याध्यापिकेला दारोदार फिरून मिटवावी लागत नव्हती. डेटोनात बेथ्यून यांना प्रत्येक पै मागून आणावी लागे. शिवाय फक्त वर्गातला अभ्यासक्रम पाहून त्या शाळेचे माप काढता येत नाही. आजारी विद्यार्थिनीला गोऱ्यांच्या रुग्णालयाने मागच्या ओसरीवर ठेवले, म्हणून बेथ्यून यांनी १९११ मध्ये स्वतःचे रुग्णालय उघडले. १९२० साली स्त्रियांना मताधिकार मिळाल्यावर त्यांनी कृष्णवर्णीय मतदारांना मतदानासाठी तयार केले, आणि त्याबद्दल धमकावण्यासाठी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी दहशतवादी संघटनेचे लोक शाळेच्या आवारात आले तरी त्या मागे हटल्या नाहीत. देणगीदारांची मर्जी राखणारी बाई एवढे ओढवून घेईल?

प्रतिसाद ३
क्लॅनसमोर उभे राहण्याचे धैर्य मी पूर्ण मानतो. १९२३ मध्ये कुकमन या दुसऱ्या कृष्णवर्णीय शिक्षणसंस्थेशी शाळेचे एकत्रीकरण झाले आणि त्यातून पुढे महाविद्यालय उभे राहिले, हेही मानतो. किंबहुना राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या प्रशासनात, तरुणांना काम आणि शिक्षण मिळवून देणाऱ्या राष्ट्रीय युवक प्रशासन या सरकारी संस्थेच्या कृष्णवर्णीयविषयक विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी विशेष निधी चालवला, यावरून त्यांना स्वतःला उच्च शिक्षणाचे मोल किती कळत होते ते दिसतेच. पण म्हणूनच माझा प्रश्न अधिक टोचतो. आपण तीस वर्षांनंतरचे फळ दाखवता, आणि मी १९०४ च्या पहिल्या वर्गातल्या त्या पाच मुलींविषयी विचारतो आहे, ज्यांच्या वाट्याला महाविद्यालय उभे राहीपर्यंत थांबण्याइतका वेळ नव्हता. त्यांच्या हाती सुई द्यायची की लॅटिन, हे ठरवताना देणगीदाराची पसंती किती तोलली गेली, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.