नाकाला वास येत नाही, मग छाती का भरते?

बाबांना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागायचा जुनाट आजार) आहे, सोलापुरात आयुष्य गेलं लूमवर. नाकाला वास फारसा कळत नाही पण शेजारी कुणी सेंट मारला की लगेच धाप, असं का होतंय ओ?

— वास ओळखणारे रिसेप्टर श्वासनळीतपण असतात बघा. २०१४ ला अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीवाल्यांनी दाखवलं, न्यूरोएंडोक्राइन म्हणजे रासायनिक संदेश सोडणाऱ्या पेशींवर. नाकातला सिग्नल मेंदूत जातो, इथं पेशीच सिरोटोनिन वगैरे रसायनं सोडते नि त्यानं नळी आवळत असावी, वास कळायची गरजच नाही. सीओपीडीत या पेशी जास्त सापडल्या.

— मग फोडणीचा ठसकापण त्यातलाच का?

— छे, तो मिरचीतल्या कॅप्सेसिनचा, ते मज्जातंतूंना चेतवतं. सेंटवाल्याला मात्र स्पष्ट सांगा, भीड कसली त्यात. इन्हेलर सोडू नका.