रोबोटने गुडघा बदलायचा, की त्याच पैशांत दुसरं काही मागायचं?

गोदाकाठ

आईचं वय ६८. दोन्ही गुडघे गेलेत, उजवा जास्त. गोळ्या, तेलं, पट्टे, इंजेक्शनं सगळं करून झालं. आता जिना उतरताना कठडा धरून, आडवी होऊन एकेक पायरी उतरते. वाटी बदलायची हे ठरलं, आणि भानगड त्यानंतर सुरू झाली.

डॉक्टरांनी पाच मिनिटं तपासलं आणि "बाकीचं बाहेर समजावतील" म्हणाले. बाहेर कोट घातलेल्या मुलीने टॅबवर फिल्म लावली. निळा प्रकाश, यांत्रिक हात, मागे संगीत. मग कागदावर दोन आकडे लिहिले: साधं दोन लाख दहा हजार, रोबोटिक दोन लाख नव्वद. वर "सर, आईंसाठीच करताय ना?"

माझा विरोध रोबोटला नाही. वरचे ऐंशी हजार कशाचे, हे कुणी सांगत नाही, त्याला आहे. 'अचूकता' हा शब्द दहा वेळा ऐकला. या अचूकतेने दुखणं कमी होणार, लवकर चालता येणार की वाटी जास्त वर्षं टिकणार, असं विचारलं तर "रिझल्ट छान आहेत सर". घरी येऊन वाचत बसलो. दक्षिण कोरियात रोबोटने आणि हाताने बदललेल्या गुडघ्यांची दहा वर्षांहून जास्त काळ नोंद ठेवली होती, ती २०२० साली छापून आली. दुखणं, हालचाल, वाटी टिकणं, कशातच फरक नाही.

आणखी एक. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमती बांधल्या. दीड लाखाच्या पुढे जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये अधिक कर इतका खाली आला. तिथली मलई गेली. मला संशय असा, की तीच मलई आता बिलावर 'टेक्नॉलॉजी चार्जेस' या ओळीत येऊन बसलीय.

माझं म्हणणं थोडक्यात: ऑपरेशनमध्ये गेल्या काही वर्षांत पेशंटच्या खरोखर कामाचं जे बदललं ते बहुतेक स्वस्त आहे, म्हणून त्याची फिल्म निघत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर झोडपा.

चिमटेवाला

झोडपतो. मी सर्जन आहे, हाडांचा नव्हे, पोटाचा. त्यामुळे तुमच्या ऐंशी हजारांतलं मला काही मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही वाचलेल्या कोरियन अभ्यासातलं यंत्र जुन्या पिढीचं होतं, आखून दिल्यावर स्वतःच हाड घासत जाणारं. हल्लीच्या यंत्रात हत्यार सर्जनच्या हातात असतं. ठरवलेल्या हद्दीबाहेर ते गेलं की यंत्र अडवतं. दोन्हींना रोबोट म्हणणं म्हणजे लूना आणि बुलेट दोन्ही दुचाकीच, असं म्हणण्यासारखं आहे.

दुसरं, नव्या गोष्टीला पहिली दहा वर्षं शिव्याच पडतात. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उदवाडियांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातलं ते पहिलं. तेव्हा जुन्याजाणत्यांनी काय काय म्हटलं असेल याची कल्पना करा. "की-होलमधून घर साफ करतोय" असं माझे स्वतःचे गुरुजी म्हणायचे. आज पित्ताशयासाठी पोट उघडतो म्हटलं तर पेशंट दुसरीकडे जातो.

मलईबद्दल: यंत्र कोटींत येतं, देखभालीचा वार्षिक करार वेगळा. पोटाच्या रोबोटची मनगटासारखी वळणारी हत्यारं असतात, त्यांच्या आतली चिप वापर मोजते. ठरलेले वापर संपले की हत्यार चांगलं असलं तरी यंत्र ते घेत नाही, फेकावं लागतं. हे पैसे कुठून तरी निघणारच.

गोदाकाठ

म्हणजे दहा वर्षांचे निकाल मागितले की यंत्र जुनं निघतं, आणि यंत्र नवं असलं की दहा वर्षांचे निकाल नसतात. मग ते निकाल माझ्या आईच्या गुडघ्यावर काढायचेत का? आणि तेही आमच्याच पैशांनी?

चिपचं माहीत नव्हतं. प्रिंटरच्या शाईची आठवण झाली.

पिंपळपान

मी ७१ वर्षांचा. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रोबोटने ऑपरेशन करून घेतलं. तिसऱ्या दिवशी घरी. रक्त चढवावं लागलं नाही. माझ्या थोरल्या भावाचं हेच ऑपरेशन पोट उघडून झालं होतं, तो दहा दिवस पडून होता. तुम्ही कागदावरचे अभ्यास वाचा, मी माझं अंग वाचलंय.

चूकभूल

पिंपळपान काका, तुम्ही बरे झालात याचा आनंदच आहे. पण तुमच्या भावाचं ऑपरेशन कोणत्या साली झालं? मधल्या काळात उघड्या ऑपरेशनचंही सगळं बदललं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांवर चिठ्ठ्या टाकून तुलना केली होती, रोबोट विरुद्ध उघडं. २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. रक्त रोबोटमध्ये कमी गेलं, हे तुमचं बरोबर. पण बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता, म्हणजे ज्याची पुरुषांना खरी धास्ती असते ते, दोन्हीकडे सारखंच.

मी भूल देतो. पडद्याच्या अलीकडे बसणारा माणूस. इथून जे दिसतं ते सांगतो.

गुडघा बदललेला पेशंट पूर्वी दोन-तीन दिवस पलंगावर असायचा. दोन बाटल्या रक्त तयार ठेवा म्हणून नातेवाईकांना पळवायचे. आता कित्येक ठिकाणी त्याच संध्याकाळी वॉकर घेऊन खोलीत चालवतात. का? रोबोटमुळे नाही. एक, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. १९६० च्या दशकातलं जपानी औषध, आजही स्वस्त. कापण्याआधी शिरेतून दिलं की रक्त जाणं इतकं घटतं की चढवायची वेळ क्वचित येते. दोन, सोनोग्राफीत बघून मांडीतल्या नेमक्या नसेभोवती सोडलेली भूल. गुडघा बधिर, पण मांडीत ताकद शाबूत, म्हणून उभं राहता येतं. तीन, उपाशी न ठेवणं.

हे तिसरं लिहिताना माझा आवाज चढतो. ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत पाणी, गाळलेलं सरबत, बिनदुधाचा चहा चालतो. हेन्रिक केहलेट नावाच्या डॅनिश सर्जनने नव्वदच्या दशकात उपास, नळ्या, पडून राहणं या सगळ्यालाच 'कशासाठी?' विचारायला सुरुवात केली. तरी आजही राउंडला गेलो की दुपारी दोनच्या केसची आजी रात्री बारापासून कोरडी. ओठ चिकटलेले, डोकं दुखतंय, सकाळची बीपीची गोळीसुद्धा घेतलेली नाही. विचारलं तर "सिस्टर म्हणाल्या पाणी नाही". सिस्टरांना विचारलं तर "ऑर्डर तशीच लिहिलीय". ऑर्डर कुणाची? आमचीच, काही वर्षांपूर्वीची.

नाईट_ड्युटी

सिस्टर हजर आहे :-)

चूकभूल सर, पाणी द्यायला आम्ही तयार असतो. पण लिस्ट पुढे-मागे झाली आणि दोनची केस बाराला घेतली, की "पाणी कुणी दिलं?" म्हणून ओरडा आम्हालाच पडतो. सर्जनने वेळ पाळायची, सिस्टरने पाणी द्यायचं, असं लिहून द्या, उद्यापासून सुरू.

गोदाकाठ दादांच्या 'स्वस्त गोष्टी' वाल्या मुद्द्यात माझीही भर. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची चेकलिस्ट. पेशंट तोच का, बाजू तीच का, ॲलर्जी आहे का, अँटिबायोटिक दिलं का, शेवटी मॉप (पोटातलं रक्त टिपायचे कापडी तुकडे) आणि हत्यारं मोजली का. आठ देशांतल्या आठ शहरांत लावून पाहिली, त्यात दिल्लीही होतं. २००९ साली आकडे आले: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. एका कागदाने.

माझ्या नोकरीतलं एक सांगते, ठिकाण सांगत नाही. रात्री अडीचची केस, पोट बंद करायची वेळ. मॉप मोजले, एक कमी. परत मोजले, परत कमी. सर्जन म्हणाले, "चुकून नऊच दिले असतील, शिवतो." मी बोर्डावर खडूने दहा लिहिले होते. मी म्हटलं, "सर, शिवू नका." तेव्हा मला नोकरीत दोन वर्षंही झाली नव्हती, पाय लटपटत होते. वीस मिनिटं शोधलं. सक्शनच्या बाटलीमागे, पायाने सरकून गेलेला सापडला. पोटात नव्हताच. तरी सर नंतर येऊन म्हणाले, "बरं केलंस." तसं म्हणणारे कमी असतात.

चिमटेवाला

मॉपच्या गोष्टीला सलाम. पण ताई, चेकलिस्टची दुसरी बाजूही सांगा. कॅनडात ओंटारियोच्या १०१ रुग्णालयांत ती सक्तीने लावली आणि २०१४ साली निष्कर्ष आला: मृत्यूंत आणि गुंतागुंतीत लक्षणीय फरक नाही. तेव्हा 'स्वस्त आहे म्हणजे काम करतंच' हाही भाबडेपणाच.

नाईट_ड्युटी

सांगते की. सकाळी आठला दिवसभराच्या सहा केसेसचे फॉर्म एकदम टिक करून ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. तसं केलं तर फरक कशाला पडेल? कागद काम करत नाही सर, थांबणं काम करतं.

सातपुडा

तुमची चर्चा वाचून जरा हसू आलं. रागावू नका. आमच्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटर आहे, टेबल आहे, वरचा दिवासुद्धा नवा आहे. भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस. सीझर बाकीच्या पाच दिवसांत आलं की गाडीत घालून जिल्ह्याला.

गुडघ्याचं सोडा, हर्नियाचं बोला. हमाली करणारा, ऊस तोडणारा माणूस हर्निया दाबून धरून वर्षानुवर्षं काम करतो. जाळी बसवली की परत उतरण्याचं प्रमाण घटतं, पण जाळी महाग. आमच्या धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी काय केलं? मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. चेष्टा नाही, इतर सर्जननाही सोबत घेऊन २००३ साली निकाल छापले. पुढे युगांडात स्वस्त मच्छरदाणीची जाळी आणि कंपनीची जाळी यांची रीतसर तुलना झाली. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली. वर्षभराने दोन्ही गट सारखेच. याला मी शस्त्रक्रियेतली प्रगती म्हणतो.

चिमटेवाला

मीही म्हणतो. पण 'हे की ते' कशाला? टाटा मेमोरियलचं उदाहरण घ्या. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं, दाताच्या डॉक्टरकडे असतं तेच बधिर करायचं औषध. सुमारे १,६०० बायकांचा अभ्यास, २०२३ साली छापला. पाच वर्षांनी हयात असणाऱ्या ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ वर गेल्या. मी त्याच्या बाजूने आहे, दुसऱ्या केंद्रांतही करून पाहावं म्हणतो. आणि ओटीपोटाच्या खोल बोळात, जिथे माझा हात मावत नाही, तिथे मला रोबोटही हवाय. दहापट मोठं, खोली दाखवणारं चित्र दिसतं, हाताचा कंप गाळला जातो. चार तास वाकून उभं राहिलेल्या माझ्या मानेचा विचार कुणी करतं का?

चूकभूल

मानेचा विचार मी रोज करतो, पडद्यावरून तीच दिसते. पण 'आत छान दिसतं' आणि 'पेशंटला बरं' या दोन गोष्टी वेगळ्या. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरला वर्षानुवर्षं दुर्बिणीने आणि रोबोटने ऑपरेशनं चालली होती, सगळे खूश. छोटे टाके, लवकर घरी. २०१८ साली रीतसर तुलना आली. साडेचार वर्षांनी आजाराशिवाय असणाऱ्या बायका उघड्या ऑपरेशनमध्ये ९६.५ टक्के, छोट्या टाक्यांच्यात ८६. मृत्यूही जास्त. तोवर किती झाली असतील?

चिमटेवाला

तो अभ्यास मला पाठ आहे. त्या वर्षी आम्ही त्या आजारासाठी परत पोट उघडायला लागलो. सोपं नव्हतं, पेशंटना समजावताना घाम फुटायचा. पण त्यातून 'रोबोट वाईट' असा अर्थ निघत नाही. प्रत्येक ऑपरेशनचा हिशेब वेगळा, एवढाच निघतो. यावर आपलं जमणार नाही, राहू दे.

हिशेबनीस

एक कोरडी माहिती. विमा कंपनीला रोबोटिक ऑपरेशन सरसकट नाकारता येत नाही, नियामकाने २०१९ मध्येच तसं सांगितलंय. पण पुष्कळ पॉलिसींत त्यावर उपमर्यादा असते. डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेसचं पत्र येतं आणि फरक खिशातून. पॉलिसीत 'आधुनिक उपचार' ही ओळ आत्ताच शोधा.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. शोधली. आमच्या पॉलिसीत पन्नास हजारांची मर्यादा निघाली.

काल दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. इथून उतरवून घेतलेले प्रश्न वहीत होते: वर्षाला किती गुडघे करता, ट्रॅनेक्झॅमिक देता का, नसेची भूल कोण देतं, पाणी कधीपर्यंत, त्याच दिवशी उभं करता का. डॉक्टर आधी थोडे वैतागले, मग वही हातात घेऊन स्वतःच उत्तरं लिहायला लागले. रोबोट त्यांच्याकडेही आहे. "तुमच्या आईचा पाय फार वाकडा नाही, मी हातानेच करीन. वाकडा असता तर यंत्र घ्या म्हटलं असतं." चिमटेवाला साहेब, अर्धा गुण तुम्हाला.

तारीख बाराची मिळाली. घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे, त्याचं काय करावं?

नाईट_ड्युटी

त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, मेडिकलवाल्याकडे भाड्यानेही असते. ऑपरेशनच्या आधीच आणून आईंना बसायची सवय करू द्या. बाथरूममधलं पायपुसणं उचलून ठेवा. आणि पलंग बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे.