‘ऊन खाणे’ मराठी नाही?

वेण्णाकाठ
मुलांच्या मासिकासाठी एक लेख मराठीत करतेय. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात क्ली एलम नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथं प्रयोगशाळांतून सुटलेल्या चिंपांझींची सँक्च्युअरी आहे. २००८ मध्ये ७ जण आले, त्याआधी बिनखिडकीच्या तळघरात होते. तिकडं थंडीत बर्फ पडतो, त्यामुळं ऊन आलं की मंडळी बाहेर येऊन आडवी होतात. मी लिहिलं, ‘चिंपांझी निवांत ऊन खात पडले होते.’ संपादकांचा शेरा: ‘ऊन खाणे हिंदी आहे. सूर्यस्नान करीत होते, असे करा.’ माझ्या आजीचा जन्म कोरेगाव तालुक्यात गेला, हिंदीशी तिचा संबंध नाही, आणि ती रोज सकाळी ऊन खायची. कोण बरोबर?

मिरज जंक्शन
आजी. हवा खाणे, मार खाणे, गटांगळ्या खाणे, हेलकावे खाणे हे सगळं मग कुठून आणलं? संपादकांनी भाव खाल्लाय, दुसरं काही नाही.

ऱ्हस्वदीर्घ
हसण्यावारी नेऊ नका. चार वाक्प्रचार आहेत म्हणून पाचवा आपोआप मराठी ठरत नाही. हिंदीत ‘धूप खाना’ सर्रास म्हणतात, शंका येणारच. आणि ताई, ‘सँक्च्युअरी’ कशाला? ‘अभयारण्य’ असताना?

वेण्णाकाठ
अभयारण्य आधी लिहिलं होतं, खोडलं. मुलांना कोयना नाहीतर चांदोली आठवणार.

देवराष्ट्रे फाटा
बरोबर खोडलंत. आमचं सागरेश्वर अभयारण्य आहे, हरणं रानात आपली आपण चरतात. तुमचे चिंपांझी मूळचे आफ्रिकेचे, राहतात अमेरिकेत, कुंपणाच्या आत, माणसं त्यांना खायला घालतात. आपल्याकडं त्याला पांजरपोळ म्हणतात.

मिरज जंक्शन
पांजरपोळ! झालं. आता चिंपांझीच्या गळ्यात घंटा बांधा.

ऱ्हस्वदीर्घ
सूर्यस्नान हा अर्थवाही, शुद्ध शब्द आहे, एवढंच माझं म्हणणं.

पेठनाका
सूर्यस्नान म्हटलं की मला लंगोट लावलेले एक निसर्गोपचारवाले काका दिसतात, नाहीतर गोव्याचा किनारा. चिंपांझी काही दिसत नाही.
पण मुद्दा वेगळाच आहे. आमच्याकडं कुणी ऊन खातही नाही. ‘उन्हाला’ बसतात. ‘उन्हात बसलाय’ म्हणजे याला कळत नाही, हाक मारून सावलीला घ्या. ‘उन्हाला बसलाय’ म्हणजे मुद्दाम बसलाय, उठवू नका. शेकोटीला बसतो तसं. आमचे आजोबा फौजेतनं आलेले. थंडीत सकाळी घोंगडं घेऊन गोठ्याच्या भिंतीला टेकायचे आणि ऊन सरकेल तसे सरकायचे. दहाच्या सुमारास भिंत संपायची, मग घोंगडं झटकून उठायचे. घड्याळ बघायला लागायचं नाही कुणाला.

ऱ्हस्वदीर्घ
बोलीत विभक्ती घसरते. प्रमाण भाषेत सप्तमी हवी: उन्हात.

पेठनाका
तुम्ही पंगतीला बसता का पंगतीत?

कौलारू
‘ऊन’ शब्दावरून एक वाटतं. हिंदीत ऊन म्हणजे लोकर. लोकरही ऊब देते, ऊनही देतं. मूळ एकच असणार.

सज्जनगड पायथा
नाही हो, दोन वेगळी घरं आहेत. हिंदीतलं ‘ऊन’ संस्कृत ‘ऊर्णा’वरून. आपलं ऊन ‘उष्ण’वरून, प्राकृतात ‘उण्ह’. उन्हात, उन्हाळा यांत जो ह दिसतो तो तिथलाच, एकट्या ‘ऊन’मध्ये गळून पडला. आणि जुना अर्थ ताटात अजून आहे: ऊन ऊन भात.

मिरज जंक्शन
म्हणजे ऊन खाणे शुद्ध मराठीच. वर तूपही घ्या.

प्रयोगवही
जीवशास्त्र शिकवतो म्हणून मध्ये पडतो. ‘चिंपांझींना ऊन आवडतं’ असं सरसकट लिहू नका. सेनेगलमध्ये फोंगोली भागातले चिंपांझी माळरानात राहतात. तिथं इतका उकाडा की ते गुहेत जाऊन बसतात, डबक्याच्या पाण्यातही बसतात. क्ली एलमला बर्फ आहे म्हणून उन्हाचं कौतुक. पेठनाक्यांच्या भाषेत, फोंगोलीला ते ‘उन्हात’ सापडतात आणि क्ली एलमला ‘उन्हाला’ बसतात. आणखी एक, लेखात कुठं ‘माकड’ आलं असेल तर काढा. चिंपांझीला शेपूट नसतं.

कौलारू
शेपूट असलेलेही उन्हाला बसतात. आमच्या कौलांवर पौषात वानरं येतात, पूर्वेकडं छाती करून, पोटावर हात ठेवून. अगदी निवृत्त शिक्षक.

प्रयोगवही
मी निवृत्त व्हायचाय अजून.

बेदाणा
तासगावातून लिहितोय. आमच्यात ‘ऊन दाखवणे’ आहे. हळद शिजवली की उन्हाला टाकतात, पापडांना ऊन दाखवतात, गाद्यांना दाखवतात. बेदाण्याला मात्र नाही, तो शेडमध्ये सावलीतच वाळतो, नाहीतर हिरवा रंग जातो. ‘चिंपांझींना ऊन दाखवलं’ कसं वाटतं? तळघरातनं आले म्हणताय ना.

वेण्णाकाठ
चांगलं आहे, पण गादी आपण होऊन उठून जिन्यावर जात नाही. इथं दार उघडं असतं. यायचं त्यानं यावं, नको त्यानं आत बसावं. दाखवणारा कुणी नको मला त्या वाक्यात.

पेठनाका
म्हणून तर म्हणतोय, ‘उन्हाला’. त्यात बसणाऱ्याची मर्जी आहे.

खंडाळा बोगदा
‘ऊन खात बसलाय’ आमच्या घरी शिवी होती. दहावीच्या वर्षी मी पुस्तक घेऊन ओट्यावर बसलो की वडील म्हणायचे, ‘ऊन खाऊन पास होणार हाय का?’ मुलांच्या मासिकात चिंपांझी आळशी दिसतील.

वेण्णाकाठ
दिसू देत की! तळघरातनं सुटून आलेत.

ऱ्हस्वदीर्घ
‘पहुडले होते’ का चालत नाही? प्रमाण आहे, सुंदर आहे.

मिरज जंक्शन
पहुडायला शेज लागते. आणि पंखा ढाळायला दासी.

सज्जनगड पायथा
‘उबारा’ कुणी सुचवला कसा नाही? ‘उन्हाच्या उबाऱ्याला पडले होते.’ आमच्या आईच्या तोंडी कायम असायचा.

खंडाळा बोगदा
आमच्यात उबारा गोधडीचा. उन्हाचा कधी ऐकला नाही.

वेण्णाकाठ
सगळ्यांचे आभार. अंक छापायला गेला. शेवटी त्यांनी ‘उन्हात विश्रांती घेत होते’ केलंय, मला न विचारता.

पेठनाका
उन्हात! बिचारे. कुणीतरी सावलीला घ्या त्यांना.

देवराष्ट्रे फाटा
आणि सँक्च्युअरीचं काय केलं? पांजरपोळ घेतलं का?

ऱ्हस्वदीर्घ
घेतला का. तो पांजरपोळ.

देवराष्ट्रे फाटा
आमच्यात ते पांजरपोळ.

बेदाणा
आमच्यात ती.