शुअर आणि सर्टन
इंग्रजीतले 'शुअर' आणि 'सर्टन' हे खात्री सांगणारे शब्द 'दोन्ही एकच, कुठेही अदलाबदल करा' असं काही जण म्हणतात. ते कर्ता माणूस असेल तेवढ्यापुरतं ठीक. 'आय ॲम शुअर' म्हणा नाहीतर 'आय ॲम सर्टन', फारसं बिघडत नाही. पण कर्ता 'इट' आला की गाडी अडते. 'इट इज सर्टन दॅट...' चालतं, 'इट इज शुअर दॅट...' खटकतं. माझ्या एका अर्जातलं हेच वाक्य साहेबांनी लाल पेनाने खोडलं होतं, कारण न सांगता.

आणखी एक राहिलं. 'सर्टन डेथ' म्हणजे अटळ मरण, पण 'अ सर्टन मिस्टर पाटील' म्हटलं की खात्री पार उडते, उरतात 'कोणी एक पाटील'! शुअरचं मूळ लॅटिन 'सेक्युरस', म्हणजे तो 'सुरक्षित' अर्थाच्या सिक्युअरचा सख्खा भाऊ. 'शुअर-फूटेड' खेचर म्हणूनच पाय न घसरणारं.