दानात आलेलं विमान लगेच का उडत नाही?
एकाने विचारलंय की स्वयंसेवक इतके असताना दुर्गम भागात विमानं चालवणाऱ्या मिशनला दान मिळालेलं सेसना कंपनीचं छोटं विमान हँगरमध्ये वर्षभर का पडून राहतं. अहो, हात पुष्कळ असतात, सही करणारे मोजके! अमेरिकेत परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) कुणीही काढेल, पण वार्षिक तपासणीवर सही करायला तपासणीचा वेगळा अधिकार असलेला मेकॅनिक लागतो. तो एकटाच असला की सगळं त्याच्यापाशी तुंबतं.

त्यात हे सेसना २०६ मॉडेल. सेसनाने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाची छोटी विमानं बनवणं थांबवलं, ते नव्वदच्या दशकात परत सुरू झालं. म्हणून दानातली बरीच विमानं चाळिशी ओलांडलेली. तळाचे पत्रे उघडल्याशिवाय आतला गंज दिसत नाही, आणि दिसला की आधीचे सगळे अंदाज कोलमडतात. पापुआ न्यू गिनीतल्या चढ-उताराच्या गवती धावपट्ट्यांवर वापरलेलं असेल तर पुढच्या चाकामागची फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) आधी बघा. आदळून उतरल्याचा मार तिथेच बसतो. रंग काय, शेवटीही होतो. (फोटो मात्र रंगाचेच येतात!)

शिवाय याला अ‍ॅवगॅस (पिस्टन इंजिनाच्या विमानांचं पेट्रोल) लागतं, दुर्गम भागात ते महाग आणि दुर्मिळ. कोडिअ‍ॅक हे दुसरं छोटं विमान टर्बाइन इंजिनाचं, जेट इंधनावर चालतं, पण किंमत परवडायला हवी ना.

माझं विचाराल तर, माणसं कमी असताना पहिलं विमान उडेपर्यंत दुसरं दान घेऊच नये.