शेवाळाच्या तेलाने समुद्र कितीसा वाचणार?

ऋचा_पुणे
डॉक्टरांनी आईला ओमेगा-३ सांगितलं. आई माळकरी, त्यामुळे माशाच्या तेलाच्या डबीला तिने हातही लावला नाही. शोधताना शेवाळाचं तेल सापडलं, आता घरात सगळे तेच घेतो. मुळात मासा डीएचए (ओमेगा-३ मधलं एक मुख्य मेद) स्वतः फारसं बनवतच नाही. बनवतं सूक्ष्म शेवाळ. ते बारीक जीवांच्या पोटातून माशात पोचतं. मग मधला मासा मारायचा कशाला? पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्ही हा बोटभर मासा लाखो टन पकडतात आणि जवळजवळ सगळा भुकटी नि तेलासाठी कारखान्यात घालतात. तिथले पेलिकन आणि पाणकावळे त्याच माशावर जगतात. २०२३ मध्ये जाळ्यात पिल्लंच फार यायला लागली म्हणून पहिला हंगाम रद्द झाला. ज्यांना परवडतं त्यांनी तरी माशाच्या तेलाची कॅप्सूल सोडावी, असं माझं मत.

मालवणी_तिरफळ
असहमत. हंगाम रद्द कोणी केला? सरकारने. कॅप्सूल खाणाऱ्यांनी नाही. आणि माशाच्या तेलाचा मोठा वाटा कॅप्सुलीत जातच नाही, सॅल्मन वगैरे पाळतात त्यांच्या खाद्यात जातो. तुम्ही डबी बदललीत तरी ते तेल तिकडे खपणारच.

आमच्याकडची गोष्ट सांगतो. तारली जास्त झाली की पूर्वी माडाच्या आळ्यात खत म्हणून जायची, तेल होडीच्या फळ्यांना लावायचे. तो वास ज्याने घेतलाय त्याला माशाच्या तेलाचं कौतुक सांगू नये! आता बोटाएवढी पिल्लं ट्रक भरून फिशमीलच्या, म्हणजे माशाच्या भुकटीच्या, कारखान्याला जातात. केरळात २०१२ ला जवळजवळ ४ लाख टन तारली मिळाली होती, २०२१ ला साडेतीन हजार टनसुद्धा नाही. आपल्या राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचा पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला, छान. पण पहाटे बंदरावर पट्टी घेऊन उभं कोण राहतं? चार तारल्या तिरफळं घालून खा. ओमेगा-३ पण मिळेल, कोळणीला दोन पैसेही.

जवसाची_चटणी
एवढा खटाटोप कशाला? जवस आहे की.

ऋचा_पुणे
जवसात एएलए नावाचं वेगळं ओमेगा-३ असतं, शरीर त्यातून डीएचए अगदीच थोडं करतं. चटणी आम्ही खातोच, चवीसाठी.

टाकीवाला
मी किण्वनाच्या, म्हणजे टाकीत सूक्ष्मजीव वाढवण्याच्या, धंद्यातला. ‘शेवाळ’ म्हटलं की लोकांना हिरवं तळं दिसतं. ज्यातून हे तेल बरंचसं काढतात ते शायझोकायट्रियम (एक सूक्ष्मजीव) बंद स्टीलच्या टाकीत, अंधारात, ग्लुकोज खाऊन वाढतं. काटेकोर बघाल तर ते शेवाळ नव्हेच. ग्लुकोज मक्यासारख्या पिकातून येतं, टाकी ढवळायला आणि हवा सोडायला वीज लागते. समुद्रावरचा भार थोडा शेतावर आला, इतकंच. खाद्याबद्दल तिरफळ बरोबर आहेत, पण खरी गंमत तिथेच आहे. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर गावी २०१९ पासून असा मोठा कारखाना आहे आणि त्याचं तेल सॅल्मनच्याच खाद्यात जातं.

बीपी_१३०_८०
आधी गरज आहे का ते बघा. २०१८ च्या ‘व्हायटल’ चाचणीत सुमारे २६ हजार लोकांपैकी निम्म्यांना रोज १ ग्रॅम माशाचं तेल दिलं. झटका, पक्षाघात, हृदयरोगाने मृत्यू, हे सगळं मिळून धरलं तर लक्षणीय फरक पडला नाही. डबीच्या पुढे मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम, मागे बारीक अक्षरात ईपीए (हेही ओमेगा-३च) १८०, डीएचए १२०. उरलेलं नुसतं तेल.

ऋचा_पुणे
आईचे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वाढलेत म्हणून सांगितलंय, तिचं चालू राहील. बाबांचं आणि माझं उगाच चाललंय हे मान्य, आजपासून बंद.

पण तिरफळ, ‘खपणारच’ हे नाही पटत. तुमच्या ट्रकचं गिऱ्हाईक खाद्यवालाच ना? टाकीतलं तेल स्वस्त झालं तर तो तारली कशाला भरेल? आणि आज आमच्यासारखे महाग घेतात म्हणूनच ते उद्या स्वस्त होईल.

मालवणी_तिरफळ
बाय गो, ट्रक तेलासाठी नाही भरत, भुकटीसाठी भरतात. कोळंबीच्या खाद्याला प्रथिनं लागतात. तेल त्याच्यासोबत आपोआप निघतं. तुमच्या टाकीतून भुकटी निघते का?

टाकीवाला
तेल काढल्यावर चोथा उरतो, पण फिशमीलची जागा घेईल असा नाही. इथे तिरफळांना गुण.

ऋचा_पुणे
मग भुकटीसाठी वेगळा धागा काढा, तिथेही भांडायला येते. आईची डबी मात्र बदलणार नाही.