‘अपूर्ण दुखापत’ ही बरी बातमी आहे, हे मराठीत कसं सांगायचं?

धंतोलीकर :
नमस्कार. मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे. मेंदू आणि मज्जारज्जूच्या दुखापतींवरची एक वैज्ञानिक परिषद पुढच्या महिन्यात इथेच भरते आहे आणि तिथे माझा पेपर आहे. पेपर इंग्रजीत वाचायचा आहे, त्याची काळजी नाही. पण शेवटच्या दिवशी दुपारी रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी एक सत्र ठेवलंय. तेच काम तिथे मराठीत मांडायचं आणि सोबत एक पोस्टर लावायचं, असं ठरलं. वॉर्डात दिवसभर मराठीतच बोलते, म्हणून मी लगेच हो म्हटलं. लिहायला बसले आणि तिसऱ्याच ओळीला अडले.

अडले ती ‘इनकम्प्लीट इंज्युरी’पाशी. मज्जारज्जूची दुखापत किती मोठी, हे सांगायला जगभर ‘आशिया’ (अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनची) मोजपट्टी वापरतात, ए पासून ई पर्यंत. ए म्हणजे कम्प्लीट : कण्याच्या अगदी तळाच्या एस-४ आणि एस-५ या पातळीवर स्पर्शही कळत नाही आणि स्नायूही आवळता येत नाही. बी, सी, डी या इनकम्प्लीट. तिथे थोडीफार वाट उघडी असते आणि सुधारणेची आशा ए पेक्षा पुष्कळ जास्त. ई म्हणजे तपासणीत सगळं ठीक. मी सरळ ‘पूर्ण दुखापत’ आणि ‘अपूर्ण दुखापत’ असं लिहिलं.

छापायला देण्याआधी एका पेशंटच्या आईला वाचून दाखवलं. मुलगा छतावरून पडलाय, त्याची श्रेणी सी आहे. चादरीची घडी घालता घालता त्या ऐकत होत्या. मधेच हात थांबले. म्हणाल्या, “म्याडम, अपूर्ण म्हंजे अजून काही व्हाचं बाकी हाय का?”

मी आशेचं सांगत होते आणि त्यांना भीती ऐकू आली. चूक त्यांच्या कानांची नाही. आपल्याकडे घर अपूर्ण, शिक्षण अपूर्ण, नवस अपूर्ण. जे अपूर्ण आहे ते पुढे पुरं व्हायचं असतं. उलट ‘पूर्ण’ म्हटलं की डोक्यात येतं ‘पूर्ण बरा’. दोन्ही शब्द नेमके उलटे पोचतात.

दुसरी अडचण ‘इंज्युरी’चीच. आघात, इजा, दुखापत, जखम, मार, यांतला कुठला घ्यावा? आणि ‘रिहॅबिलिटेशन’ला ‘पुनर्वसन’ लिहिलंय, ते चालेल ना? जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_मास्तर :
ताई, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

‘आघात’ संस्कृत, मूळ अर्थ ठोसा, तडाखा. पण आज मराठीत तो तीन ठिकाणी वाटला गेलाय. मनाला बसतो तो आघात. व्याकरणात शब्दातल्या अक्षरावर येतो तो आघात. आणि वैद्यकात ‘पक्षाघात’मुळे त्याची सोयरीक लकव्याशी जुळली आहे. ‘मेंदूचा आघात’ लिहिलंत तर निम्मे लोक रक्ताची गाठ अडकून झालेला झटका समजतील. पडल्याने किंवा धडकेने झालेलं काही आहे, हे त्या शब्दातून कळणार नाही.

‘जखम’ फारसी. ती उघडी असते, तिला पट्टी बांधतात. मेंदूला लागलेलं बरेचदा बाहेरून दिसतच नाही, म्हणून हा शब्द उपयोगाचा नाही. ‘इजा’ अरबीतून आलेला, अर्थाने बरोबर, पण कानाला हलका. खेळताना होते ती इजा. ‘दुखापत’ मधली. मला विचाराल तर शीर्षकात ‘दुखापत’ ठेवा आणि समजावताना ‘मार’ वापरा. ‘मुका मार’ हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. कातडी फाटलेली नाही, रक्त नाही, पण आत ठेचलं गेलंय. ‘डोक्याला मार’ आणि ‘मेंदूला मार’ यांतला फरकही पोस्टरवर सांगा. कवटीला चीर जाऊनही मेंदू सुखरूप असू शकतो, आणि डोक्यावर साधा ओरखडा नसताना आत मेंदू ठेचलेला असू शकतो.

जाता जाता : परिषदेला पाठवता त्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टला हल्ली सगळे ‘सारांश’ म्हणतात. आपला जुना ‘गोषवारा’ आहे. फारसीत तो कानातला दागिना, आणि हिशेबाचा संक्षेपही. कानाशी नातं असलेला हा शब्द तुमच्या कामाला शोभेल.

कोर्टकचेरी :
मास्तरांशी सहमत, एक पुरवणी. ‘जबर दुखापत’ मात्र पोस्टरवर नको. तो कायद्यातला शब्द आहे. जुन्या दंडसंहितेत कलम ३२० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ११६. हाड मोडलं तरी जबर दुखापत. पूर्वी वीस दिवस, आता पंधरा दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत तरी जबर दुखापत. डॉक्टरांची ‘सिव्हिअर’ वेगळी. नातेवाईक दोन्ही एकच समजतात आणि पुढे कागदपत्रांच्या वेळी गोंधळ होतो. ‘गंभीर’ म्हणा.

मेडिकलचा_रेसिडेंट :
ताई, ‘सिव्हिअर’पेक्षा मला ‘माइल्ड’ जास्त सतावतो. रुग्णाची शुद्ध किती आहे ते मोजणारा ग्लासगो कोमा स्केल १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी मांडला. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. एकूण कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आठ किंवा खाली म्हणजे सिव्हिअर, १३ ते १५ माइल्ड. मराठीत त्याचं ‘किरकोळ’ होतं, पेपरातल्या ‘किरकोळ जखमी’सारखं. मग माणूस चौथ्या दिवशी दुकान उघडतो, आणि नंतर कित्येक आठवडे डोकं दुखतं, चिडचिड होते, हिशेब चुकतो. घरचे म्हणतात, “डॉक्टर तर किरकोळ म्हणाले होते.” हा शब्द इंग्रजीतही खुपतोच आहे. २०२५ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने माइल्ड-मॉडरेट-सिव्हिअर या तीन खणांच्या जागी तपासणी, रक्तातल्या खुणा, स्कॅन आणि रुग्णाची बाकीची परिस्थिती असं चौपदरी वर्णन सुचवलं. आपण मराठीत निदान ‘किरकोळ’ टाळू. “आज शुद्ध चांगली आहे, पण मेंदूला विश्रांती हवी” एवढं सांगितलं तरी पुरे.

आणि ‘ट्रॉमा’ हा शब्द पोस्टरवर घालू नका. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जखम, पण नागपुरात ट्रॉमा म्हणजे ट्रॉमा सेंटरची इमारत. “ट्रॉमात नेलं”, “ट्रॉमासमोर उभा आहे” असंच सगळे बोलतात.

‘मज्जारज्जू’बद्दलही सांगतो. आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी मज्जा म्हणजे हाडातला मगज. ‘अस्थिमज्जा’त तो अर्थ राहिला, ‘मज्जातंतू’ आणि ‘मज्जारज्जू’त मात्र वेगळाच झाला. परवा एका काकांनी मला विचारलं, “मज्जा बदलून मिळते म्हणतात, मग आमच्या पोराची का नाही बदलत?” त्यांनी मज्जारोपणाबद्दल ऐकलं होतं. उत्तर द्यायला मला पंधरा मिनिटं लागली, आणि शेवटी त्यांचा चेहरा उतरलेलाच होता.

पवनीचा_भाऊ :
ताई, मी डॉक्टर नाही. पण ‘पुनर्वसन’वर बोलतो, कारण तो शब्द आमच्या अंगावरून गेलाय. आमच्याकडे भंडाऱ्यात आणि तिकडे कुही तालुक्यात पुनर्वसन म्हणजे गोसीखुर्द. १९८८ ला धरणाची पायाभरणी झाली, वैनगंगेचं पाणी चढलं, गावं उठली. पुनर्वसन म्हणजे नवीन गावठाण, प्लॉटची मोजणी, मोबदल्याची फाइल आणि जुन्या घराच्या चौकटी उपसून बैलगाडीत घालणं.

माझ्या मोठ्या भावाला पाठीला मार लागला तेव्हा दवाखान्यात सांगितलं, “आता यांचं पुनर्वसन करावं लागेल.” आमची आई तिथेच खाली बसली. म्हणाली, “आता आखीन कुठं जाचं जी?” मॅडम फार चांगल्या होत्या, त्यांनी समजावून सांगितलं. पण आईचा तो चेहरा मला अजून दिसतो. तुमच्या पोस्टरसमोर आमच्याकडचे लोक उभे राहणार आहेत. दुसरा शब्द पाहा, एवढीच विनंती.

निवृत्त_मास्तर :
भाऊ, तुम्ही सांगितलंत ते कुठल्याच कोशात मिळणार नाही. पुनर्वसन म्हणजे पुन्हा वसणं, आणि ज्याचं वसलेलं उठलं त्यालाच त्याचं वजन माहीत. ताई, इथे एकच शब्द पाहिजे असा हट्ट सोडा. क्रियापद घ्या : पुन्हा बसायला शिकणं, पुन्हा आपलं आपण जेवणं.

‘अपूर्ण’साठी माझ्या मनात आलेले शब्द सांगतो. ‘अंशतः’ पुस्तकी. ‘अर्धवट’ तर अजिबात नको, त्यात माणसाचीच हेटाळणी आहे. ‘शाबूत’ कसा वाटतो? मूळ अरबी, पण खेड्यापाड्यांत रोजचा. “मोटारसायकल गेली, माणूस शाबूत आहे,” असं सहज म्हणतात. दुखापत किती झाली ते सांगण्यापेक्षा काय शाबूत आहे ते सांगा.

मेडिकलचा_रेसिडेंट :
शाबूत उत्तम. फक्त ए श्रेणीसाठी “दोर तुटला” असं लिहू नका. बहुतेकदा मज्जारज्जू तुटलेला नसतो, चेपलेला किंवा ठेचलेला असतो. आणि पहिल्या काही दिवसांत स्पायनल शॉकमुळे, म्हणजे मार बसल्यावर दोराचं काम तात्पुरतं थांबल्यामुळे, चित्र असतं त्याहून वाईट दिसू शकतं, म्हणून तेव्हाचं वाक्य शेवटचं म्हणून सांगायचं नसतं. सुमारे १६०० इसवीसनपूर्वच्या एडविन स्मिथ पपायरस या इजिप्तच्या वैद्यकीय हस्तलिखितात ४८ रुग्णांच्या नोंदी आहेत. मान मोडून हातपाय गेलेल्या माणसापुढे त्या इजिप्शियन वैद्याने लिहिलंय, हा उपचार न करण्याचा आजार. १९४४ मध्ये डॉक्टर लुडविग गुटमनने इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग सुरू केला, तोवर डॉक्टरांचं मत फारसं बदललेलं नव्हतं. आपल्या तोंडून नकळत तेच वाक्य जायला नको.

धंतोलीकर :
सगळ्यांचे मनापासून आभार. पवनीच्या भाऊंचे विशेष. ‘पुनर्वसन’ काढलं. त्या रकान्याचं नाव आता ‘पुन्हा आपलं आपण करायला शिकणं’. लांब आहे, डिझाइन करणारा कुरकुरला, पण राहील. ‘शय्याव्रण’ही काढून ‘पाठीला पडणाऱ्या जखमा’ केलं आणि खाली ‘दर दोन तासांनी कूस बदला’ हे मोठ्या अक्षरांत. ‘मज्जारज्जू’ एकदाच येतो, ‘कण्याच्या आतून जाणारा, करंगळीएवढा जाड दोर’ असं सांगून. पुढे सगळीकडे दोरच.

आणि तिसरी ओळ आता अशी आहे : “दोर काही ठिकाणी शाबूत आहे. मेंदूचे काही निरोप अजून खाली पोचतात.”

आज दुपारी त्याच बाईंना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, “कोन्ता निरोप पोचते?” मी पाकिटातून कापूस काढला, मुलाला डोळे मिटायला सांगितलं आणि त्यांच्या हाताने तो कापूस त्याच्या डाव्या घोट्याला लावला. तो म्हणाला, “डावा पाय.” मग त्यांनी मला न विचारताच कापूस उजव्या पायाला लावला.